गाळातलं बाविसावं अक्षर



बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला परगावी कुणी विचारलं, 'तुमच्याकडे पाहण्यासारखं काय?' तर तो बोटांवर मोजून सांगतो. शेगावचे गजानन महाराज, सैलानी बाबांचा दर्गा, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा आणि लोणारचं तळं. तळ्याचं नाव निघालं की पुढं उल्का येते, लवणासुराची गोष्ट येते, दैत्यसूदनाच्या मंदिराची शिल्पं येतात, बारमाही वाहणारी धार येते. हे सगळं बोलण्यासारखंच आहे. मी आज मात्र त्या तळ्याच्या गाळाबद्दल बोलणार आहे.

मी कवी माणूस. पदवी बी.ए.ची, तीही मराठी घेऊन. रसायनशास्त्राची आणि माझी दहावीनंतर गाठ पडली नाही. तरीही या विषयावर बोलायचं धाडस करतोय, कारण हा विषय शेवटी अक्षरांचा आहे. एक अक्षर, जे जगातल्या बहुतेक सजीवांकडे नाही. ज्यांच्याकडे आहे ते जीव लोणारच्या गाळात राहतात. ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली माझ्या पुतणीनं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आहे. म्हणाली, 'चाचा, तुम्ही आयुष्यभर अक्षरं मोजत आलात. आता आमच्याकडचीही एकदा मोजून बघा.'

आधी तळ्याबद्दल थोडं. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारात लोणार येतं. तिथल्या खाऱ्या पाण्याचा, काच आणि साबण करायला लागणाऱ्या साहित्याचा उल्लेख त्यात आहे. म्हणजे सोळाव्या शतकात या तळ्याची ओळख खारावरून होती. पुढं १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. जुन्या गॅझेटियरमध्ये इथं निघणाऱ्या खारांची नावं आहेत, दल्ला, निमक दल्ला, भुस्की, पापडी. हा उल्केचाच खड्डा आहे हे १९७३ साली खडकांच्या तपासणीतून पक्कं झालं. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या थरात उल्केनं पाडलेलं असं विवर पृथ्वीवर फार क्वचित सापडतं. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. वयाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखांच्या वर जातात.

पाणी खारट तर आहेच, शिवाय ते सोड्याचं आहे. शास्त्रज्ञ पाण्याची आम्लता किंवा अल्कता ज्या मोजपट्टीवर मोजतात, तिच्यावर साधं पाणी सातवर असतं. लोणारचं पाणी दहाच्या आसपास गेलेलं आढळतं. धुण्याच्या सोड्याचं पाणीच म्हणा ना. अशा पाण्यात कोण जगणार, असं आपल्याला वाटतं. पण पाणी हिरवं दिसतं ते त्यात स्पिरुलिनासारखे सूक्ष्म जीव भरभरून वाढतात म्हणून. ते मरतात, तळाशी बसतात आणि त्यांचा गाळ होतो. या गाळाच्या आत हवा पोचत नाही. आपली गोष्ट तिथं सुरू होते.

गाळातून बुडबुडे येतात हे गावातल्या प्रत्येक पोरानं पाहिलेलं असतं. काठी खुपसली की बुडबुड. इटलीतल्या व्होल्टानं, ज्याच्या नावानं आपण विजेचे व्होल्ट मोजतो त्यानं, १७७६ साली तिथल्या माज्जोरे सरोवराच्या चिखलात काठी खुपसून हाच वायू गोळा केला आणि तो पेटतो हे दाखवलं. हा मिथेन. आपल्याकडे गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोही हाच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ सालीच मैल्यापासून असा गॅस करण्याची सोय झाली होती. नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं गोबरगॅस खेड्यापाड्यांत पोचवला. शेणाच्या टाकीत काय होतं हे आपण सगळे ढोबळपणे जाणतो. शेण कुजतं, गॅस होतो. पण कुजवणारे वेगळे आणि शेवटी गॅस करणारे वेगळे. मिथेन करणारे जे सूक्ष्मजीव, त्यांना हवेतला प्राणवायू विषासारखा. ते दिसायला जिवाणूंसारखे, पण १९७७ साली कार्ल वूस या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ते जिवाणूंचे भाऊबंद नव्हेत. त्यांचं घराणंच स्वतंत्र आहे. त्या घराण्याला आर्किया म्हणतात. आपण ज्या अर्थानं जीवसृष्टी म्हणतो तिच्या मोठ्या फांद्यांपैकी ही एक.

लोणारच्या गाळातले हे जीव पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधले. आघारकर संशोधन संस्थेतले ठक्कर आणि रानडे यांनी २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की लोणारमधून त्यांनी खाराची आवड असलेला मिथॅनोसार्सिना जातीचा जीव वेगळा काढला आहे. पुढं २००७ साली आणखी दोन प्रकार नोंदले गेले. २०१२ साली योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथॅनोलोबस या जातीचे जीव तिथल्या गाळात नुसते पडून नाहीत, कामाला लागलेले आहेत, हे दाखवलं. आपल्या जिल्ह्यातला चिखल बरणीत भरून पुण्याला जातो आणि तिथं त्यावर पाच-दहा वर्षं माणसं काम करतात, हे मला मोठं वाटतं.

हे जीव खातात काय? गोबरगॅसच्या टाकीतले पुष्कळसे हायड्रोजनवर किंवा व्हिनेगरमध्ये असतं त्या ॲसिटेटवर जगतात. पण खाऱ्या पाण्याच्या गाळात त्या अन्नावर डल्ला मारणारे दुसरे जिवाणू असतात आणि ते जास्त चपळ असतात. मग मिथेनवाल्यांना उरतं कुणी न खाल्लेलं अन्न. खाऱ्या पाण्यातल्या जीवांना आपल्या पेशीतलं पाणी धरून ठेवायला काही खास रसायनं साठवावी लागतात. ते जीव मेले की त्या रसायनांपासून मिथिलअमाइन नावाचे पदार्थ तयार होतात. शिळ्या माशाला जो वास येतो ना, तो याच कुटुंबातल्या ट्रायमिथिलअमाइनचा. मिथॅनोसार्सिना आणि मिथॅनोलोबस ही भावंडं हा वास मारणारा पदार्थ खातात आणि मिथेन सोडतात. आणि तो खायला त्यांना एक खास अक्षर लागतं.

आता अक्षरांकडे येऊ. आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं आहेत. केसांत, रक्तात, स्नायूंत, पचनाच्या रसात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हे मणी किती प्रकारचे? वीस. आंब्याच्या झाडातले, बैलातले, माणसातले, जवळजवळ सगळे त्या वीसांतून घडलेले. माळेत कोणता मणी कुठं ओवायचा याची चिठ्ठी पेशीत असते. ती चार अक्षरांत लिहिलेली असते. ए, यू, जी, सी. तीन तीन अक्षरांचा एकेक शब्द. चार अक्षरांचे तीन-तीनचे शब्द होतात ६४. त्यातले ६१ शब्द मण्यांची नावं सांगतात. उरलेले तीन सांगतात, 'थांब, माळ संपली.' पूर्णविरामच म्हणा. हा शब्दकोश ज्यांनी उलगडला त्यांत आपले हरगोविंद खोराना होते. १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकात निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता.

या तीन पूर्णविरामांची नावं मोठी गमतीची. त्यातल्या यूएजी या शब्दाला 'अंबर' म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बर्नस्टाइन आडनावाचा विद्यार्थी होता. जर्मन भाषेत बर्नस्टाइन म्हणजे अंबर, झाडाच्या चिकाचा दगड झालेला तो पिवळा खडा. उर्दूत त्याला कहरुबा म्हणतात आणि त्याच्या तसबीहचे मणी होतात. त्या पोराच्या आडनावाचं भाषांतर होऊन पूर्णविरामाला नाव मिळालं. मग बाकीच्या दोघांनाही खड्यांची आणि रंगांची नावं पडली, ऑकर म्हणजे गेरूच्या जातीची माती आणि ओपल. आणि या तिन्ही शब्दांना मिळून इंग्रजी पुस्तकांत एक शिक्का आहे, 'नॉन्सेन्स'. निरर्थक. ज्यातून कोणताही मणी निघत नाही ते शब्द.

ओहायो स्टेट विद्यापीठात जोसेफ क्रझिकी नावाचे शास्त्रज्ञ मिथॅनोसार्सिना बार्केरी या जीवावर काम करत होते. मिथिलअमाइन खाण्यासाठी त्याला जी प्रथिनं लागतात त्यांची चिठ्ठी त्यांनी वाचली. चिठ्ठीच्या मध्येच यूएजी होतं. साडेचारशेच्या आसपास मण्यांची माळ आणि दोनशे दोनाव्या जागी पूर्णविराम. नियमाप्रमाणे माळ तिथं तुटायला हवी. पण पेशीत ते प्रथिन पूर्ण लांबीचं होतं. एकाच प्रथिनात असं असतं तर लिहिण्यात काही चुकलं असं म्हणता आलं असतं. पण एक मिथिल, दोन मिथिल, तीन मिथिल असलेल्या अमाइनांसाठी वेगवेगळी प्रथिनं असतात आणि त्या प्रत्येकाच्या चिठ्ठीत मध्येच हाच पूर्णविराम होता. तीन वेगळ्या चिठ्ठ्यांत एकच चूक होत नाही.

मग त्या जागी नेमका कोणता मणी आहे हे त्यांनी तपासलं. नेहमीच्या पद्धतीनं प्रथिन तोडून पाहिलं तर तिथं लायसिन निघालं. म्हणजे वीसातलाच एक ओळखीचा मणी. प्रकरण इथं मिटू शकलं असतं. पण प्रथिन तोडायला जी कडक रसायनं वापरतात, त्यांनी त्या मण्याचा नाजूक भाग झडून जात होता आणि मागं लायसिन उरत होतं. त्याच विद्यापीठातल्या मायकेल चॅन यांच्या गटानं मग प्रथिन न तोडता त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली. तिथं लायसिन होतं, पण त्याच्या टोकाला पाच अणूंचं एक कडं जोडलेलं होतं. मे २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे दोन शोधनिबंध एकत्र आले. नव्या मण्याचं नाव ठेवलं पायरोलायसिन. पायरोलिन नावाचं कडं आणि लायसिन. सेलेनोसिस्टिन हे एकविसावं अमिनो आम्ल त्याआधी, १९८६ च्या सुमारास, सापडलं होतं. हे बाविसावं.

लक्षात घ्या, तेच वर्ष. २००२. इकडं पुण्यात लोणारचा मिथॅनोसार्सिना छापून येतो आणि तिकडं ओहायोत मिथॅनोसार्सिनाचं बाविसावं अक्षर छापून येतं. दोन्ही गटांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण आता दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येतात.

हे अक्षर इतकं दुर्मीळ का? कारण ते महाग आहे. २०११ साली कळलं की एक पायरोलायसिन घडवायला दोन लायसिन खर्ची पडतात आणि त्यासाठी तीन वेगळी प्रथिनं राबतात. शिवाय ते माळेत ओवायला स्वतंत्र वाहक रेणू लागतो आणि त्या वाहकाच्या पाठीवर हाच मणी चढवणारं स्वतंत्र प्रथिन लागतं. २००४ साली ते प्रथिन पायरोलायसिन थेट उचलून वाहकावर ठेवतं हे सिद्ध झालं. एवढा लवाजमा एका अक्षरासाठी! आणि ते अक्षर वापरायचं कुठं, तर प्रामुख्यानं मिथिलअमाइन खाण्याच्या कामात. त्याच्या टोकाचं ते कडं मिथिलअमाइनला पकडतं आणि त्याचा मिथिल तुकडा पुढं देण्याजोगा करतं. हे काम त्या जागी बसून बाकीच्या वीस मण्यांपैकी कुणी करू शकलेलं दिसत नाही. म्हणून एवढा खर्च.

पुतणीनं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात एकच अक्षर आलं. ळ.

मराठीच्या वर्णमालेत ळ अगदी शेवटी येतो. ह च्या नंतर, क्ष आणि ज्ञ च्या आधी. त्याच्यापासून सुरू होणारा शब्द मराठीत नाही. पोरांच्या पुस्तकात 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' असं चालत येतं आणि ळ पाशी 'ळ बाळाचा' असं म्हणावं लागतं, कारण ळ नेहमी शब्दाच्या पोटात किंवा शेवटी असतो. बाविसावं अमिनो आम्लही प्रथिनाच्या असंच पोटात बसतं, जिथं खरं काम चालतं तिथं. आणि ळ काढून घेतला तर मराठीत किती काय बिघडेल पाहा. काळ, वेळ, बाळ, डोळा, पाऊलवाटेचा माळ, आभाळ, तळं. ळ च्या जागी ल ठेवला तर वेळचा वेल होतो, गाळाचा गाल होतो.

उर्दूत ळ नाही. माझी दादी घरात दखनी वळणाची बोली बोलायची, तिच्या तोंडात तो कधी बसला नाही. पण आठवडी बाजारात ती भाजीवालीशी मराठीतच बोलायची. तिच्या तोंडून 'केळी'ची 'केली' व्हायची, 'फळं'ची 'फलं'. समोरची भाजीवाली पक्की वऱ्हाडी. तिच्या तोंडीही ळ नव्हता. वऱ्हाडीत ळ चा य होतो. ती 'केयी' म्हणायची, 'डोया' म्हणायची, 'तयं' म्हणायची. एकीकडं 'केली', दुसरीकडं 'केयी', आणि दोघींच्या मध्ये टोपलीत एकच फणी. भाव ठरायचा, हिशेब व्हायचा, वर दोन केळी जास्त पडायची. त्या व्यवहारात ळ कुणी उच्चारला नाही, पण तो दोघींनाही ऐकू येत होता.

शाळेत ही दोन्ही उत्तरं चूक होती. 'अशुद्ध' असा शेरा लाल शाईत यायचा. वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरालाही आणि मलाही. आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो. गुरुजींनी तोंड उघडायला लावून, जीभ टाळूकडं वळवून आमच्याकडून ळ म्हणवून घेतला. आज मी ळ नीट म्हणतो, ते त्यांचं ऋण. पुढं कवी झालो, मराठीत चार पुस्तकं आली. एका कवी संमेलनात कविता झाल्यावर एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, 'वा! तुमचा ळ किती स्वच्छ आहे हो!' त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण माझ्या बाकावरचा तो वऱ्हाडी मित्र मराठीत बोलला तर त्याच्या ळ ला कुणी दाद देत नाही. त्याची ती भाषा आहे, हे गृहीत असतं. माझी ती आहे हे मला दर वेळी दाखवावं लागतं. ही तक्रार म्हणून सांगत नाही. वाचणाऱ्याच्या अपेक्षेवर अक्षराचा अर्थ ठरतो, हे मला पेशीच्या आधी संमेलनात कळलं होतं, एवढंच.

पेशीतही हेच आहे. यूएजी ही तीच तीन अक्षरं. माणसाच्या पेशीत ती आली की तिथं थांबा, कारण ती ओळखून मणी आणणारा वाहक आपल्याकडे नाही. मिथॅनोसार्सिनाच्या पेशीत वाहक आहे, म्हणून तिथं ती अक्षरं बोलू लागतात. अर्थ अक्षरात अर्धाच असतो, उरलेला अर्धा वाचणाऱ्याकडे असतो. ज्याला आपण निरर्थक म्हणतो ते पुष्कळदा आपल्याकडे वाहक नसल्यामुळं निरर्थक असतं.

याच्याही पुढची गोष्ट अलीकडं कळली आहे. बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दीप्ती नायक यांच्या प्रयोगशाळेनं २०२५ साली दाखवलं की मिथॅनोसार्सिनाच्या एका जातीत यूएजी हा शब्द दोन्ही अर्थांनी वाचला जातो. कधी मणी, कधी पूर्णविराम. एकाच चिठ्ठीतून कधी पूर्ण प्रथिन, कधी अर्धं. संदिग्धता म्हणजे घोटाळा, असं जीवशास्त्रात इतकी वर्षं धरून चालले होते. हा जीव मात्र ती संदिग्धता घेऊन सुखानं जगतो. आपल्याकडे त्याला श्लेष म्हणतात, आणि पंतकवींच्या काळापासून तो गुणच मानला गेला आहे. मला हे वाचून शास्त्रज्ञांबद्दल नव्यानं आपुलकी वाटली.

तुम्ही म्हणाल, याचा माणसाला उपयोग काय? उपयोग दोन ठिकाणी दिसतो. पहिला प्रयोगशाळेत. पायरोलायसिनचा वाहक आणि त्यावर मणी चढवणारं प्रथिन ही जोडी शास्त्रज्ञांनी मिथॅनोसार्सिनाकडून उसनी घेतली आहे. ती दुसऱ्या पेशीत ठेवली की त्या पेशीच्या कामात लुडबूड करत नाही, आणि पायरोलायसिनच्या जागी माणसानं घडवलेले नवे मणीही उचलते. त्यामुळं जिवाणूंच्या, यीस्टच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींतही निसर्गात नसलेले मणी प्रथिनांत ओवता येतात. त्यांना चमकणारी खूण लावता येते, हव्या त्या जागी औषधाचा रेणू जोडता येतो.

दुसरा उपयोग आपल्या पोटाशी संबंधित आहे. मिथॅनोमॅसिलिकॉकस नावाचा एक मिथेन करणारा जीव माणसाच्या आतड्यात राहतो. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्याकडेही बाविसावं अक्षर आहे. मांस, अंडी यांतल्या काही घटकांपासून आतड्यात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, यकृतात त्याचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर होतं आणि त्या पदार्थाचं प्रमाण जास्त असणं आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला आहे. तेव्हा ट्रायमिथिलअमाइन आतड्यातच खाऊन टाकणारे हे जीव माणसाला औषधासारखे देता येतील का, अशी कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडली आहे. ती अजून कल्पनाच आहे. पण चिखलातल्या जीवाचा नातेवाईक आपल्या पोटात बसलेला आहे, हे तर खरंच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मिथेन हा हवा तापवणारा वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट ताप धरतो. भातखाचरं, गुरांची पोटं, दलदली, कचऱ्याचे ढीग, सगळीकडून तो येतो. म्हणून हे जीव काय खातात, किती खातात, त्यांना रोखायचं कुठं आणि राबवायचं कुठं, हे कळणं आता नुसत्या कुतूहलाचं राहिलेलं नाही.

आणि लोणारचं काय? जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा सारं जग लोणारकडे बघू लागलं. चमत्कार, कोप, काय काय बोललं गेलं. आघारकर संस्थेत पाण्याचे नमुने गेले आणि उत्तर आलं की पाणी आटून खार वाढला, त्यात मीठप्रिय आर्किया बेसुमार वाढले आणि त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी दिसलं. म्हणजे आपल्या मिथेनवाल्यांच्याच घराण्यातले दुसरे लोक. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत जागा मिळाली, महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरनंतर दुसरी. त्यानंतरच्या वर्षांत उलटं झालं. पाणी वाढत गेलं, कमळजा देवीच्या मंदिराशी येऊन भिडलं. गावाचं सांडपाणी तळ्यात जाण्याचा प्रश्न तर जुनाच आहे आणि तो न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

पाणी आटलं तर खार वाढतो, गोडं पाणी शिरलं तर खार पातळ होतो. मंदिराची पायरी बुडाली की आपल्याला दिसतं, फोटो छापून येतो. पण खार पातळ झाला की गाळात कोण उपाशी राहतं, कोण कामावरून जातं, हे काठावरून दिसत नाही. ज्या जीवांनी हजारो वर्षं या सोड्याच्या पाण्यात आपला संसार बसवला, त्यांचा संसार पाण्याच्या त्या खारावर उभा आहे. गावाच्या नाल्याला वेगळी वाट काढून देणं हे म्हणूनच नुसत्या स्वच्छतेचं काम नाही. माझ्या हिशेबी ते कोश राखण्याचं काम आहे. एखादी बोली बोलणारी शेवटची म्हातारी गेली की तिच्याबरोबर शब्द जातात, आणि ते कुणी टिपून घेतले नसतील तर गेले हेही कुणाला कळत नाही. गाळाचंही तसंच आहे.

शाळा-कॉलेजांच्या सहली लोणारला येतात. मुलं विवराच्या काठावर उभी राहून फोटो काढतात, मंदिरं पाहतात, डबे खातात. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वही काढायला लावून मुलांना उल्केचं वय, खोली, रुंदी लिहायला सांगता, त्याच पानावर आणखी एक ओळ लिहायला सांगा. या गाळात असे जीव राहतात ज्यांच्या वर्णमालेत आपल्याकडे नसलेलं एक अक्षर आहे. आणि एखाद्या वऱ्हाडी पोरानं 'तयातल्या गायात' असं लिहिलं, एखाद्या उर्दू घरातल्या पोरीनं 'तल्यातल्या गालात' असं लिहिलं, तर लाल शाई वापरण्याआधी तिला काय म्हणायचं होतं ते विचारा. ळ शिकवाच, जरूर शिकवा. माझ्या गुरुजींनी शिकवला म्हणून तर आज तुमच्याशी बोलतो आहे. पण ओळ बरोबर आहे हे आधी सांगा.